अठरा सेकंदांत चालू

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही डायरी एका बँकेची, २०१९ सालची. गोदामात रद्दीतनं आलती, कोरीच्या कोरी. छापलेल्या तारखा खोडून वर आजच्या घालतोय. नववीत शाळा सोडल्यापासून एवढं सलग कधी लिहिलं नाही. पण घरात बोलायला कुणी नाही, म्हणजे माणसं आहेत, बोलणं नाही.

सकाळी बस निपाणीच्या हायवेवर सोडून गेली. बेंगळूरहून अकरा तास. घरी आलो तर आप्पा खाटेवर बसलेले. नोव्हेंबरात त्यांना झटका आला तेव्हा मला सुट्टी मिळाली नाही असं मी सांगितलं होतं. खरं म्हणजे मागितलीच नव्हती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी तिथं विसरून गेल्यासारखा. मला बघून तोंड हाललं. "अं... म... अं." अमर एवढंसुद्धा आलं नाही. चाळीस वर्षं गावोगाव गाणारा माणूस.

थोरली बहीण आक्का कपड्याच्या दुकानात कामाला जायच्या घाईत होती. चहा हातात देऊन म्हणाली, "बरं झालं आलास. पयला त्यो कंप्युटर नीट कर. एवढा इंजिनेर हाईस म्हणतोस."

मी व्हय म्हटलं.

इथं खरं लिहायला हरकत नाही. मी इंजिनिअर नाही. बेंगळूरच्या भाईर एका गोदामात जुने कंप्युटर भंगारात येतात. आम्ही स्क्रू काढतो, पत्रा वेगळा, वायर वेगळी, बोर्ड वेगळे. माझं काम हार्डडिस्कचं. तिच्यात लोकांचं सगळं साठवलेलं असतं, म्हणून कंपन्यांची अट असते की डिस्क अख्खी भाईर जाऊ द्यायची नाही. मी ड्रिलनं प्रत्येकीला तीन भोकं पाडतो. दिवसाला दीडशे-दोनशे. घरी सांगितलंय, कंप्युटरच्या कंपनीत आहे. तसं बघितलं तर खोटं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कंप्युटर चालू केला आणि मोबाईलवर वेळ लावली. सव्वीस मिनिटं. तेवढ्यात आप्पा दोनदा पेंगले.

एवढी घाई कशाला ते आक्कानं रात्री जेवताना सांगितलं. आप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून आणि संध्याकाळी गायन पार्टीचे मुख्य गायक. गाणी सगळी स्वतःची. बाबासाहेबांची, शाळेची, दारूड्यांची, लग्नातली. २०१९ ला घरात पाणी शिरलं आणि वह्यांचा लगदा झाला. मग चार वर्षं बसून आप्पांनी आठवून आठवून सगळी कंप्युटरवर टाईप केली. वखारीत टाइपरायटर शिकलेले, त्यामुळं हात बसलेला. एकशे बारा गाणी. दुसरीकडं कुठं नाहीत.

बेळगावला टिळकवाडीत केतकी मॅडम आहेत, झटका आलेल्यांना परत बोलायला शिकवतात. आक्का आप्पांना पंधरा दिवसांनी त्यांच्याकडं नेते. त्या म्हणाल्या, बोलायची वाट बुजली तरी कधीकधी गाण्याची वाट उघडी राहते. त्यांची स्वतःची गाणी रोज डोळ्यांपुढं ठेवा. जे काय परत यायचं ते पहिल्या सहा महिन्यांत जास्त येतं.

"डिसेंबरात एकदा सुरू झालता," आक्का म्हणाली. "एक गाणं उघडलं. आप्पा बघत बसले आन एकदम दोन ओळी म्हटल्या. सबूद स्वच्छ. मी भांडी घासत हुतो, तशीच पळत आलो. तवर बंद पडला. आता कधी उघडतोय, कधी न्हाय. उघडंस्तवर हे दमतेत."

"मग छापून आणायची गाणी."

"आणली न्हाय व्हय? पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेलतो. भलतंच कायतरी निघालं, नुसतं इंग्लिश. त्यो म्हणाला फाईल किडलीया."

म्हणजे आप्पांचं बोलणं या डब्यात आहे आणि डबा चालत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल सहा महिने. तीन गेले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

डबा अंगणात नेऊन उघडला. आमची भिंत वखारीला लागून. पंख्यावर तंबाखूच्या धुळीचा थर बसलेला, गोधडीसारखा. ब्रश मारला आणि शिंका सुरू झाल्या, थांबेनात.

सुलाबाई दारात येऊन बघत होत्या. आप्पांच्या पार्टीत मागं झील धरायच्या. आता साठी ओलांडली, अजून विड्या वळतात.

"काय रं इंजिनेर, कंप्युटरला पडसं झालंय का तुला?"

"तंबाखू खाऊन बसलाय ह्यो कंप्युटर."

"निपाणीचा हाय, खाणारच की."

आप्पा हसले. तोंडाच्या अर्ध्या भागानं, पण हसले. मी सुलामावशीला विचारलं, तुम्हाला आप्पांची गाणी येतात का. त्या म्हणाल्या, "आम्ही मागनं वडणाऱ्या. ध्रुपद तेवढं आमचं. कडवं तुझ्या आप्पांचं. त्यात आम्ही कधी तोंड घातलं न्हाय."

धूळ काढून, पंख्याखाली नवी पेस्ट लावून, नको ती प्रोग्रामं उडवून चालू केला. चौदा मिनिटं.

माझ्यासाठीच घेतला होता हा कंप्युटर. सातवीत होतो. आप्पा म्हणाले होते, घरात बसून शिकशील. मी त्याच्यावर गाडीचा गेम खेळलो आणि दोन वर्षांत घर सोडून गोव्याला पळालो. मग हुबळी, मग होसूर, मग बेंगळूर. एका जागी बूड टिकत नाही माझं, हे आप्पांचं वाक्य. आता ते बोलता येत नाही त्यांना.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

जुनी रॅम काढून डबल घातली. नऊ मिनिटं. आक्का खूश. मी नाही. नऊ मिनिटं म्हणजे काय, आमच्या गोदामात नऊ मिनिटांत मी आठ डिस्का काढतो. गाणी लावायची ती चांगला वेग आल्यावरच.

माझ्या पिशवीत एक एसएसडी आहे. नव्या जातीची डिस्क, आत फिरणारं काही नसतं, पळते लई. एका कंपनीच्या लॅपटॉपमधनं निघालती. नियमानं भोक पाडायला पाहिजे होतं. मोज्यात घालून आणली. सुपरवायझर आदर्शला कळलं तर नोकरी गेली.

रविवार, ९ फेब्रुवारी

अठरा सेकंद.

जुनी डिस्क काढली, नवी घातली, नवीन विंडोज टाकलं. बटण दाबलं आणि आप्पांना पेंग यायच्या आत पडदा निळा. आक्कानं शेजारणीला बोलावलं. सुतार परशराम आला, त्यानं तीनदा बंद-चालू करायला लावलं आणि तिन्ही वेळा आकडे मोठ्यानं मोजले. म्हणाला, "ह्याला म्हणायचं शिक्षण." मला लई बरं वाटलं. खोटं का लिहू. आयुष्यात पहिल्यांदा आमच्या दारात माझ्यासाठी माणसं उभी होती.

लोक गेल्यावर जुन्या डिस्कवरनं गाणी नव्या डिस्कवर घेतली. एकशे बारा फायली, मोजून. पहिली उघडली.

गाणं नव्हतं. सगळी खिचडी. इंग्लिश अक्षरं, पण शब्द नाहीत, मधेच प्रश्नचिन्ह, मधेच तिरकी रेघ. दुसरी उघडली, तशीच. पंचवीस-तीस उघडून बघितल्या. जुनी डिस्क वायरनं जोडून तिच्यावरच्या उघडल्या, त्याही तशाच. झेरॉक्सवाला बोलला तेच खरं. किडलीया.

कुणाला विचारता आलं तर दाखवायला पहिल्या फाईलची पहिली ओळ उतरून ठेवतो, आहे तशी:

ikVh /kj iksjk js?k oMrks eh

आदर्शला यातलं कळतं. पण त्याला विचारलं तर तो विचारणार, नवी डिस्क कुठनं आणलीस. इथं कुणाला विचारावं तर इंजिनिअर मीच.

सोमवार, १० फेब्रुवारी

आक्कानं जाताना विचारलं, "दाखीवलीस का गाणी आप्पांला?"

"उद्या."

"आज का न्हाय?"

"सेटिंग राहिलंय."

आप्पांना खुर्चीत बसवून पडदा दाखवला. त्या खिचडीकडं बघत बसले. मग डावा हात उचलून कोपऱ्यातल्या पेटीकडं दाखवायला लागले. मी पेटी आणून मांडीवर ठेवली. ढकलून दिली. परत तिकडंच बोट. मला वाटलं भाता ओढायला पाहिजे, मी भाता ओढला. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली, लहानपणी मारायचे तशी, पण जोर नाही. मग डोळ्यांतनं पाणी. केतकी मॅडमनी सांगितलंय, झटका आलेल्यांना उगंच रडू येतं, मनावर घ्यायचं नाही. पेटी कोपऱ्यात ठेवून दिली.

जुनी डिस्क परत आत बसवून जुनंच विंडोज चालू करून बघावं असं एकदा मनात आलं होतं. पण परत सगळं खोलायचं, परत ती नऊ मिनिटं. कोण थांबणार.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

मी ठरवलं. जुन्या डिस्कला कीड लागलीय, व्हायरस असणार. तीच कीड फायलींबरोबर नव्या डिस्कवर आली. ठेवली तर महिन्याभरात नवी पण सव्वीस मिनिटांवर जाईल. म्हणून नव्या डिस्कवरच्या एकशे बारा फायली उडवल्या आणि ती सगळी पुसून विंडोज परत घातलं. अठरा सेकंद. एकाचासुद्धा फरक नाही.

जुनी डिस्क टेबलावर राहिली. ती तशी राहिलेली मला बघवत नाही. तीन वर्षांची सवय, अख्खी डिस्क दिसली की हात शिवशिवतो. परशरामकडनं ड्रिल आणलं. अंगणात पायाखाली लाकडाचा ठोकळा, त्यावर डिस्क.

परशराम म्हणाला, "फेकून दे की. भोकं कशाला?"

"असंच करायचं असतंय. न्हायतर कोणपण आतलं काढून घेतंय. कंपनीचा नियम हाय."

"आतलं म्हंजे?"

"जे आसंल ते."

ड्रिल सुरू केलं आणि आतनं आप्पा ओरडायला लागले. शब्द नाही, नुसता आवाज, जनावरासारखा. ड्रिलचा आवाज त्यांना सहन होत नसणार. मी म्हटलं, "झालं आप्पा, दोनच मिंटं." तीन भोकं पाडली, तिन्ही एका रेघेत. काम स्वच्छ झालं. आत गेलो तर आप्पा खाटेवरनं खाली पडलेले, उंबऱ्याकडं तोंड करून. दाराकडं सरकत आले होते. उचलून वर ठेवलं. कोपर खरचटलंय.

आक्काला सांगितलं, तोल गेला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आप्पा जेवत नाहीत. मी भरवायला गेलो की तोंड मिटून घेतात, आक्कानं भरवलं की दोन घास खातात. आक्काला सांगितलं की गाणी आधीच किडली होती, माझ्या हातात काय नव्हतं. ती दुकानातनं आणलेल्या साडीच्या खोक्यावर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "पण डिसेंबरात तर दिसत हुती."

मी म्हटलं, कीड वाढत जाते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आप्पांना घेऊन बेळगावला गेलो. टिळकवाडीत केतकी मॅडमच्या घरीच खालच्या खोलीत त्यांचं काम चालतं. आक्काला सुट्टी नव्हती. मी आणि आप्पा दोघंच, बसमध्ये माझ्या खांद्याला टेकून, पण तोंड खिडकीकडं.

मॅडमनी विचारलं, "गाणी उघडतात का आता?"

मी सांगितलं काय झालं ते. किडलेल्या फायली, खिचडी. ही डायरी पिशवीत होती, उतरून घेतलेली ओळ दाखवली.

मॅडमनी डायरी जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, "नवीन विंडोज टाकल्यावर असं दिसायला लागलं का?"

"व्हय."

"अमरदीप, हे किडलेलं नाही. जुन्या मराठी टायपिंगला वेगळा फॉन्ट लागायचा. आत साठवताना इंग्लिश अक्षरंच साठवायची, वर मराठीचा मुखवटा. तो फॉन्ट मशीनमध्ये असेल तर मराठी दिसतं, नसेल तर हे असं. तुम्ही नवीन सगळं टाकलंत, त्यात फॉन्ट गेला. आमच्या ऑफिसच्या जुन्या कागदांचं असंच झालं होतं. काही बिघडलेलं नाही. वडिलांकडं फॉन्टची सीडी असेल, ती घाला, सगळं वाचता येईल. फायली आहेत ना?"

मी म्हटलं, आहेत.

त्या आप्पांकडं वळून म्हणाल्या, "सीडी कुठं आहे, आठवतंय का?" आप्पांनी डावा हात उचलला आणि हवेत दोन्ही बाजूंनी भाता ओढल्यासारखा केला. मॅडमना कळलं नाही. मला कळलं.

बाथरूम विचारून आत गेलो आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो. त्यांचं पाणी वाया घालवलं.

रविवार, १६ फेब्रुवारी

पेटीच्या खोक्यात, पेटीच्या खाली, कागदाच्या पाकिटात सीडी होती. पाकिटावर आप्पांच्या अक्षरात: मराठी. नीट ठेवणे. अमरला देणे.

डिस्क परशरामला दाखवली. त्यानं भोकांतनं आरपार बघितलं. म्हणाला, "तूच म्हणालास न्हवं, आतलं कुणाला मिळू ने." टोमणा नव्हता. तो खरंच आठवून देत होता.

आक्काला सगळं सांगितलं. गोदामाचं पण सांगितलं, ड्रिलचं, मोज्यातल्या डिस्कचं. ती म्हणाली, "आम्ही समदीकडं सांगत हुतो रं, आमचा अमर कंप्युटरात हाय." एवढंच. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी सीडी घालून फॉन्ट चढवला. ही डायरी पुढं ठेवली आणि नऊ तारखेला उतरलेली ओळ एकेक खूण शोधून दाबायला लागलो. पहिल्या दोन खुणा दाबल्या, पडद्यावर पा आला. पुढच्या दोन, टी. एक खूण चुकली, परत दाबली. ओळ पुरी झाली:

पाटी धर पोरा रेघ वडतो मी

मला हे गाणं माहीत नव्हतं. आक्का म्हणाली, मी पहिलीला गेलो त्या वर्षीचं आहे. पार्टी ज्या ज्या गावात जायची तिथं याच गाण्यानं सुरुवात व्हायची. मी कधी ऐकायला गेलो नाही.

आप्पांना खुर्चीत आणून बसवलं. अक्षर मोठं केलं. ते बघत राहिले. ओठ हालले, मग घशातनं सूर आला, आणि मग म्हटलं. सगळं म्हटलं. पाटी धर पोरा, रेघ वडतो मी. एकसुद्धा शब्द मोडला नाही. आवाज पूर्वीचा.

मग पडद्याच्या खालच्या बाजूला बघायला लागले. पुढच्या ओळीसाठी.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सुलामावशीकडं गेलो. पुढं काय ते विचारलं. त्या विड्या वळत म्हणाल्या, "ध्रुपद येतंय बाबा. शाळंला चल रं, शाळंला चल. तेवढं आम्ही म्हणायचं." दोन-तीनदा म्हणून दाखवलं. "कडवं त्येंचं. दर गावाला कायतरी नवीन घालायचे. आम्ही तोंडाकडं बघत बसायचो, कवा थांबतेत आन कवा आम्ही वडायचं." मग पान कातरायच्या थांबल्या. "आता तेंच्या तोंडातनं आलं तरच."

पार्टीत आणखी चौघं होती. दोघं वारली. ढोलकीवाला जांबोटीकडं मुलीजवळ असतो. फोन केला. त्याला ठेका आठवतो.

आक्काच्या मोबाईलवर एका लग्नातला व्हिडिओ सापडला. आप्पा गाताना दिसतात. वरात आणि डॉल्बी. तोंड हालतं, ऐकू काही येत नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

उद्या निघायचं. जाऊ नको असं कुणी म्हटलं नाही.

रविवार, २ मार्च. गोदाम

या आठवड्यात नऊशे डिस्का. आदर्शला एसएसडीचं कळलं नाही. एकदा ड्रिल लावायच्या आधी त्याला विचारलं, यात कुणाचं काही राहिलं असेल तर. तो म्हणाला, "राहिलेलं असतंय म्हणूनच भोक पाडायचं." बरोबर आहे त्याचं.

आक्काला फोन केला. म्हणाली, आप्पा रोज सकाळी ती ओळ म्हणतात. ओळ झाली की खाली बघत बसतात, कधी अर्धा तास. जेवायला उठवावं लागतं. मग म्हणाली, "तूच लिव्ह की पुढची ओळ. सबूद समोर दिसले तर म्हणतील."

"मला काय येतंय?"

"तुझ्यावरच गाणं हाय न्हवं."

बुधवार, ५ मार्च

दोन दिवस लागले. लिहिलं, खोडलं. शेवटी ही ठेवली: हात धर माझा, अक्षर काढतो मी. आक्काला पाठवली. तिनं खुणा शोधत शोधत आप्पांच्या ओळीखाली टाईप केली.

शुक्रवार, ७ मार्च

आक्काचा फोन. म्हणाली, कंप्युटर चांगला चालतोय, अठरा सेकंदांत चालू होतोय. मी म्हटलं, ते सोड.

"आप्पांनी पयली म्हटली. मग तुझी वाचली. डोळं फिरताना दिसले मला, नीट वाचली."

"म्हटली?"

मागं घरातला पंखा ऐकू येत होता.

"न्हाय. डाव्या हातानं बाणाची खालची कळ दाबाय लागले. तुझ्या वळीच्या खाली जायाला. अजून दाबत बसलेत."